अमेरिकेतील मुलींचे बास्केटबॉल : आधार कोणाचा?

संस्था काढणे सोपे, ती चालविणे कठीण, आणि काळ पालटत असता ती सांभाळणे सर्वांत कठीण, हा अनुभव आपणांपैकी ज्यांनी शाळा, वाचनालये किंवा तालमी चालविल्या त्यांना नवा नाही. संस्थेवरचे संकट नेहमी शत्रूकडूनच येते असे नाही. कित्येकदा ते हितचिंतकांकडून येते. आणि कित्येकदा तर ज्या सुदिनाची वाट पाहत संस्थेने हलाखीचे दिवस काढले, तो सुदिन उगवल्यामुळेच तिचा पाया खचू लागतो. ह्याचा एक दाखला म्हणून अमेरिकेतील महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत. विषय खेळाचा आहे. परंतु त्यातून उठणारा प्रश्न खेळापुरता नाही.

डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम्. सी. ए. च्या शिक्षक-विद्यालयात जेम्स नायस्मिथ ह्या शिक्षकाने हा खेळ प्रथम मांडला. हिवाळ्यात बंद दालनात तरुणांना गुंतवून ठेवील असा काहीतरी खेळ हवा होता. त्याने सज्ज्याला पीच फळांच्या दोन टोपल्या अडकविल्या. ह्याच विद्यालयात शिकलेल्या हॅरी क्रो बक ह्यांनी पुढे १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले, म्हणजे त्या घराण्याशी आपले नाते अगदीच दूरचे नाही.

स्प्रिंगफील्डजवळच नॉर्थॅम्प्टन गावी मुलींचे स्मिथ कॉलेज आहे. तेथे जानेवारी १८९२ मध्ये सेंदा बेरेन्सन नावाची तरुण शिक्षिका रुजू झाली. लिथुआनियातून आलेल्या एका ज्यू कुटुंबातली ही मुलगी लहानपणापासून अशक्त. प्रकृती सुधारावी म्हणून व्यायामशाळेत गेली आणि व्यायामाचीच शिक्षिका झाली. नायस्मिथचा खेळ तिने आपल्या विद्यार्थिनींना शिकविला आणि मार्च १८९३ मध्ये पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना लावला. प्रेक्षक म्हणून पुरुषांना मज्जाव होता. खेळाचे नियमही तिने बदलले. मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येक खेळाडूला आपापल्या भागात राहावयास सांगितले. दुसरीच्या हातचा चेंडू हिसकावयाचा नाही, तीन सेकंदांहून अधिक काळ तो धरून ठेवावयाचा नाही, असेही दंडक घातले.

आज हे नियम वाचताना हसू येईल. परंतु ज्या काळी धावणाऱ्या मुलीकडे समाज वाकड्या नजरेने पाहत असे, त्या काळी ह्याच नियमांच्या आडोशाने मुली धावू शकल्या. बेरेन्सनबाईंचा नियम ही त्या वेळी ढाल होती. पुढे तिची बेडी झाली, ती कशी हे पाहण्यासारखे आहे.

एप्रिल १८९६ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ह्या दोन विद्यापीठांच्या मुलींचा सामना झाला; स्टॅनफर्डने तो २–१ असा जिंकला. कॉलेजाकॉलेजांतील चुरस अशी सुरू झाली. ही चुरस वाढू लागली तशी मुलींच्या शारीरिक शिक्षणाचा भार वाहणाऱ्या स्त्रियांनाच तिची धास्ती वाटू लागली. १९२३ साली लू हेन्री हूवर ह्यांच्या पुढाकाराने हौशी क्रीडासंघटनेचा एक महिला विभाग स्थापन झाला. खेळ सर्व मुलींसाठी असावा, मूठभर निवडक मुलींसाठी नसावा. तिकिटे लावून मुलींचे प्रदर्शन मांडू नये. विजयाच्या हव्यासात त्यांची प्रकृती पणाला लावू नये, असे ह्या विभागाचे धोरण होते. ह्यात वाईट हेतू शोधूनही सापडणार नाही. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळांत पैशाने काय अनर्थ मांडला होता हे त्या बायांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी सामन्यांच्या जागी क्रीडामेळावे आणले. अनेक कॉलेजांच्या मुली एकत्र जमत, त्यांची मिसळ करून संघ पाडले जात, चार घटका खेळून, फराळ करून सर्वजणी घरी जात. हेतू उदात्त होता. मात्र ज्यांच्यासाठी तो होता त्या मुलींना कोणी विचारले नव्हते.

त्याचे फळ मिसिसिपी राज्यातील क्लीव्हलंड गावी पाहावयास मिळते. तेथील डेल्टा स्टेट ह्या शिक्षक-महाविद्यालयात मुलींचा चांगला संघ होता. १९३२ साली कॉलेजाने तो मोडला. हा खेळ तरुण स्त्रियांना झेपण्यासारखा नाही, असे कारण देण्यात आले. त्या संघात मार्गारेट वेड नावाची खेळाडू होती. ती व तिच्या मैत्रिणी रडल्या, आणि आपले खेळाचे पोशाख त्यांनी जाळून टाकले. ह्याहून अधिक काही करणे त्यांच्या हाती नव्हते. वेड पुढे शाळाशिक्षिका झाली. क्लीव्हलंडच्याच माध्यमिक शाळेत वर्षानुवर्षे तिने मुलींचे संघ तयार केले, शेकड्यांनी सामने जिंकले, आणि १९५९ साली ती डेल्टा स्टेटमध्ये व्यायामशिक्षणाची प्राध्यापिका म्हणून परतली. कॉलेजात अजूनही मुलींचा संघ नव्हता. तो नसलेल्या जागी ती चौदा वर्षे काम करीत राहिली.

इतिहासकार बहुधा कायदे, संघटना आणि विजेतेपदे ह्यांच्या तारखा मांडतो. आमच्या मते १९३२ पासून १९७३ पर्यंतची ही एकेचाळीस वर्षे, ज्यांत डेल्टा स्टेटच्या नावावर एकही सामना नाही, तीच ह्या इतिहासातील सर्वांत मोलाची होत. संघ कागदावरून पुसता येतो. तो खेळ ज्यांच्या अंगात मुरला आहे अशी माणसे गावात राहिली, तर पुसलेले पुन्हा लिहिता येते.

सातव्या दशकाच्या अखेरीस वारे फिरले. १९६९ साली पेनसिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर येथे महाविद्यालयीन मुलींची पहिली राष्ट्रीय निमंत्रितांची स्पर्धा झाली. १९७१ साली तुकड्या पाडलेले मैदान जाऊन पाच जणींचा, सबंध मैदानभरचा खेळ आला. त्याच वर्षी स्त्रियांनीच चालविलेली महिला महाविद्यालयीन क्रीडासंघटना उभी राहिली. आद्याक्षरांनी तिला ए. आय. ए. डब्ल्यू. म्हणत. तिने आरंभी खेळाडूंना शिष्यवृत्त्या देण्यास बंदी घातली होती. पुरुषांच्या खेळातील बाजार आपल्या दारी येऊ नये, ही जुनी धास्ती अजून शिल्लक होती.

मार्च १९७२ मध्ये ह्या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि ती जिंकली फिलाडेल्फियाजवळच्या इमॅक्युलाटा नावाच्या चिमुकल्या कॉलेजाने. हे कॉलेज कॅथॉलिक नन चालवीत. त्यांचे क्रीडागृह १९६७ साली आगीत जळाले होते. १९७० साली कॅथी रश ही तरुण प्रशिक्षिका तेथे आली; वर्षाचा पगार साडेचारशे डॉलर. राष्ट्रीय स्पर्धेला इलिनॉय राज्यात जावयाचे तर प्रवासखर्चाला पैसे नव्हते. मुलींनी दात घासायचे ब्रश विकून पैसे जमविले, आणि तरीही आठ जणींचीच सोय झाली. आठवडाभर आधी वेस्ट चेस्टरने त्यांना बत्तीस गुणांनी हरविले होते. अंतिम सामन्यात तोच प्रतिस्पर्धी समोर आला, आणि इमॅक्युलाटाने ५२–४८ असा विजय मिळविला. पुढची दोन वर्षेही विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले.

ह्या संघाला आधार कोणाचा होता? सरकारचा नाही, धनिकांचा नाही. एका खेळाडूच्या वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्यांनी बादल्या आणि लाकडी दांडके आणून दिले, आणि सामन्याच्या वेळी वयस्क नन त्या बादल्या बडवीत असत. प्रतिस्पर्ध्यांना तो गोंगाट अगदी असह्य होई. आम्हांला ह्या बादल्यांचे महत्त्व गमतीपुरते वाटत नाही. ज्या संघाचे सामने बघावयास कोणी येत नसे, त्याच्या मागे आपले सबंध घर उभे आहे, हे त्या मुलींना दर सामन्यात कानांनी ऐकू येत असे.

२३ जून १९७२ रोजी अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्याचे नववे कलम मंजूर झाले. सदतीस शब्दांचे हे कलम. सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणकार्यात स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. त्यात खेळाचे नावही नाही. परंतु क्रीडांगणावर त्याचा परिणाम मोठा झाला. १९७३ साली फ्लॉरिडातील विद्यार्थिनींच्या दाव्यामुळे शिष्यवृत्त्यांवरची बंदी उठली. त्याच वर्षी डेल्टा स्टेटला आपला संघ पुन्हा उभा करावासा वाटला आणि तो कोणाच्या हाती द्यावा ह्याचा शोध घ्यावा लागला नाही. साठीतली मार्गारेट वेड तेथेच होती. तिच्या संघात लुसाया हॅरिस ही कापसाच्या मुलखातली उंच कृष्णवर्णीय मुलगी आली. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या कॉलेजाचे दार कृष्णवर्णीयांना बंद होते. १९७५ च्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटने इमॅक्युलाटाला ९०–८१ असे हरविले, आणि १९७६ व १९७७ सालीही विजेतेपद राखले. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे बास्केटबॉल प्रथमच आले. त्यातली पहिली टोपली हॅरिसने केली.

येथवर कथा सुखाची आहे. परंतु कायद्याने दार उघडले तेव्हा आत शिरण्याचे बळ सर्वांना सारखे नव्हते. मोठ्या विद्यापीठांपाशी शिष्यवृत्त्या, क्रीडागृहे, प्रवासखर्च सारे होते. इमॅक्युलाटापाशी बादल्या होत्या. रश १९७७ साली निघाल्या तेव्हा त्यांच्या नावावर १४९ विजय व अवघे १५ पराभव होते. पण त्या कॉलेजाचे राष्ट्रीय वैभव तेथेच संपले. पुढे पुरुषांच्या खेळांची बलाढ्य संघटना, एन. सी. ए. ए., मुलींच्या खेळात उतरली आणि तिने स्पर्धेचा प्रवासखर्च देऊ केला. मार्च १९८२ मध्ये दोन अंतिम सामने झाले. एन. सी. ए. ए. च्या पहिल्या स्पर्धेत लुइझियाना टेकने चेनी ह्या कृष्णवर्णीयांच्या लहानशा कॉलेजाला ७६–६२ असे हरविले. ए. आय. ए. डब्ल्यू. ची स्पर्धा रट्‌गर्सने जिंकली. तीच त्या संघटनेची अखेरची ठरली. त्याच वर्षी तिचे काम थांबले.

आणखी एक आकडा ध्यानात घेण्याजोगा आहे. १९७२ साली महाविद्यालयीन मुलींच्या शंभर संघांपैकी नव्वदांहून अधिक संघांना स्त्री प्रशिक्षिका होत्या. २०१४ साली हे प्रमाण सुमारे त्रेचाळीसवर आले. पगार नव्हता तोवर हे काम बायकांचे होते. पगार आला तेव्हा पुरुषांनाही ते आवडू लागले.

मग कायदा नसता तर बरे झाले असते काय? असे म्हणणे म्हणजे त्या मुलींच्या दारिद्र्याचे कौतुक करीत बसणे होय. दूरच्या माणसाला दारिद्र्य फार गोड दिसते. एप्रिल २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना व आयोवा ह्यांच्यातील मुलींचा अंतिम सामना दूरदर्शनवर पावणेदोन कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला. त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्याला एवढे प्रेक्षक लाभले नाहीत. हे ब्रश विकून घडले नसते. बदल हवाच होता. आमचे म्हणणे इतकेच की, १९३२ साली मुलींच्या भल्यासाठी मुलींना न विचारता संघ मोडला गेला, आणि १९८२ साली मुलींच्याच भल्यासाठी त्यांचे घर चालविणाऱ्या स्त्रियांना बाजूस सारून घर बदलले गेले. पहिला निर्णय अनिष्ट होता, दुसऱ्याने पुष्कळ दिले. परंतु दोहोंत उणीव एकच. ज्यांनी पडत्या काळात भार वाहिला, त्यांचा शब्द चांगल्या काळात मोजला गेला नाही.

आता इमॅक्युलाटाचे काय उरले ते पाहू. १९८२ ची शेवटची स्पर्धा जिंकणाऱ्या रट्‌गर्सची प्रशिक्षिका थेरेसा ग्रेन्ट्झ ही इमॅक्युलाटाच्या विजयी संघातली खेळाडू. ओल्ड डोमिनियनला १९७९, १९८० आणि १९८५ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारी मॅरिअन स्टॅन्ली हीही तिचीच सहकारी. म्हणजे मोठ्या विद्यापीठांनी क्रीडागृहे उभारली खरी, पण त्यांत शिकवावयास माणसे गेली ती ह्या लहान घरातून. विजेतेपद इमॅक्युलाटाकडे राहिले नाही. तिची विद्या मात्र देशभर गेली.

स्प्रिंगफील्डला, जेथे हा खेळ जन्मला तेथेच, त्याच्या थोर व्यक्तींचे सन्मानगृह आहे. त्यात स्त्रियांना प्रथम स्थान मिळाले ते १९८५ साली. त्या पहिल्या तिघींत एक सेंदा बेरेन्सन होती आणि एक मार्गारेट वेड. एकीने समाजाला सोसवेल असे रूप देऊन खेळ आत आणला. दुसरीने तो बाहेर घालविला गेला असता चाळीस वर्षे जपून ठेवला. संस्थांच्या पडत्या काळात ह्याहून वेगळी माणसे लागत नाहीत. आपल्याही गावोगाव अशा शिक्षिका, असे व्यवस्थापक, असे बादल्या बडविणारे लोक आहेत. संस्थेला बरे दिवस येतील तेव्हा नव्या घराच्या बैठकीत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.