आश्रय कोणाचा? दक्षिण कोकणातल्या तीन कलांचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात हा सहलीचा विषय कुठून आला? प्रश्न रास्त आहे, म्हणून सुरुवात सहलीपासूनच करू.

पुण्या-मुंबईचं एखादं कुटुंब चार दिवस सिंधुदुर्गात जातं. मालवणला होडीत बसून किल्ला बघायचा, तारकर्लीला पाण्यात डुंबायचं, दोन्ही वेळेला मासे. परतीच्या वाटेवर सावंतवाडीत लाकडी फळांचा एक डबा घ्यायचा. वेळ उरलाच तर कुडाळजवळ पिंगुळीला पंधरा मिनिटं थांबायचं. दशावताराचं नाव ऐकलेलं असतं, त्याचा एखादा फोटो मिळाला तर उत्तम. आम्हीही अशाच सहली केल्या आहेत, त्यामुळे हे टीका म्हणून सांगत नाही. पण त्या डब्यामागे, त्या पंधरा मिनिटांमागे आणि त्या फोटोमागे एकेक मोठा इतिहास आहे. तो इतिहास एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो: या कलावंताला जेवायला कोण घालत होतं?

थोडी पार्श्वभूमी. सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून नवाच, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधी या मुलखाचा मोठा भाग सावंत-भोसल्यांच्या संस्थानात होता. ते संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि लगेच पुढच्या वर्षी, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. म्हणजे बघा, एक आश्रयदाता १९४८ ला गेला आणि दुसरा, म्हणजे तुम्ही-आम्ही, पन्नास वर्षांनी गाडीतून उतरला. मधल्या पन्नास वर्षांत या कलांचं काय झालं, हा आपला आजचा विषय.

पहिली कला: गंजिफा

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ मुळात इराणकडून आला. 'बाबरनाम्या'त १५२७ सालची नोंद आहे, की बाबराने सिंधच्या शाह हुसेन अरघूनकडे गंजिफाचा संच पाठवला, कारण त्याला हा खेळ फार आवडायचा. मोगल पद्धतीच्या संचात ८ रंग आणि ९६ पत्ते. आपल्याकडे आल्यावर या खेळाने वेगळंच रूप घेतलं. विष्णूचे दहा अवतार हेच दहा रंग झाले. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा आकडे, असे १२ पत्ते. एकूण १२०. मत्स्याच्या पत्त्यावर मासे मोजायचे, कूर्माच्या पत्त्यावर कासवं, परशुरामाच्या पत्त्यावर परशू.

यातली गंमत ऐका. डाव दिवसा मांडला तर रामाच्या रंगापासून सुरुवात, रात्री मांडला तर कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक लहान, उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलटं. म्हणजे खेळणाऱ्याला १२० पत्ते आणि दोन उलटसुलट क्रम डोक्यात ठेवावे लागतात. हा भरपूर फुरसत असलेल्या माणसांचा खेळ होता, दरबाराचा खेळ होता. सावंतवाडीत तो रुजला तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पत्ते करायचे चितारी. कापडाला चिंचोक्याची खळ लावायची, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घासून गुळगुळीत करायचं, मग गोल कापून रंगवायचं आणि लाखेचा हात द्यायचा. एकेका पत्त्याला किती हात लागत असतील, विचार करा.

मग छापील ५२ पत्त्यांचा जोड बाजारात आला, स्वस्त आणि शिकायला सोपा. दरबारची फुरसतही संपली. खेळणारे गेले तसे करणारेही गेले. सत्तरच्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी या कामात लक्ष घातलं, तेव्हा ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर होते. राजघराण्यातल्या या दोघांनी त्यांच्याकडून काम शिकून घेतलं आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये तरुण कारागिरांना बसवलं. ज्या दालनात पूर्वी दरबार भरायचा, तिथे आज चित्रकार पत्ते रंगवताना दिसतात. राज्य गेल्यावरही त्या घराने आश्रयदात्याचं काम चालू ठेवलं, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे.

पण इथे एक मेख आहे. पत्ता वाचला, खेळ वाचला का? संच विकत घेणारे बरेच जण तो दिवाणखान्यात मांडून ठेवतात. डाव मांडणारा क्वचितच भेटतो. चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांचं तसं नाही. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं केळं, आंबा, वांगं पोराच्या हातात जातं, भातुकलीत वापरलं जातं, त्याचा रंग उडतो. ते खेळणं खेळण्याचंच काम करत राहतं. गंजिफाने मात्र आपलं काम बदललं, त्याची शोभेची वस्तू झाली.

दुसरी कला: चित्रकथी

आता पिंगुळीला जाऊ. सावंतवाडीहून फार लांब नाही. इथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करत आला. नावातच सगळं आहे, चित्र दाखवून कथा सांगणारा. ही परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त चित्रकथी येतो.

पिंगुळीच्या चित्रकथीकडे चित्रांच्या पोथ्या असतात. पोथी म्हटल्यावर आपल्याला अक्षरं आठवतात, इथे मात्र सुटी चित्रं. रामायण-महाभारतातलं एक आख्यान म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक प्रसंग सांगून झाला की कागद उलटायचा, पुढचा प्रसंग समोर. सोबत वीणा, टाळ, हुडूक. मोठाल्या डोळ्यांचे वीर, ताणलेली धनुष्यं, मिटायला तयार नसलेल्या नजरा. कंदिलाच्या उजेडात हे बघणाऱ्या पोराला काय वाटत असेल, याची कल्पना करा. हेच ठाकर कळसूत्री बाहुल्या नाचवायचे, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडायचे.

यांना आश्रय होता तो सावंतवाडीच्या राज्यकर्त्यांचा. कोणत्या घराने कोणत्या गावच्या देवळात कला सादर करायची, हे ठरलेलं असे. म्हणजे कलावंताला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नसे. देवळाचा सण आला की त्याचा मान ठरलेला, त्याबरोबर त्याचं धान्यही. राज्य गेलं, कुळं बदलली, सिनेमा आला, आणि ही सगळी बांधणी सैल होत गेली. मग या चित्रांना नवी माणसं भेटली: संग्राहक. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात चित्रकथी आहे. अभ्यासकांना पैठणकडूनही अशी चित्रं मिळाली, त्यामुळे बरीच वर्षं या शैलीला 'पैठणी चित्रं' म्हटलं गेलं. संग्राहकांनी चित्रं जपली, हे त्यांचं ऋणच आहे. पण पोथीतलं एक पान काढून काचेत बसवलं की काय होतं? त्याच्या पाठीवरचा पुढचा प्रसंग भिंतीकडे तोंड करून बसतो.

पिंगुळीत या कलेला घरातूनच उभं करणारे परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण'. तिथे चित्रं पाहता येतात, बाहुल्या पाहता येतात, आणि मुख्य म्हणजे ती नाचवणारी, गाणारी माणसं भेटतात. आमच्या मते ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. चित्र आणि आवाज यांची फारकत झाली की चित्रकथी संपली, उरतं ते नुसतं चित्र.

तिसरी कला: दशावतार

आता तिसरी, आणि तिची कहाणी जरा वेगळी आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास दक्षिण कोकणात जत्रा सुरू होतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत दशावतारी कंपन्या गावोगाव फिरतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशी मंडळांची नावं तिथल्या माणसांच्या तोंडात असतात. पलीकडे गोव्यात पेडणे-डिचोलीपर्यंत हाच रिवाज. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन कंपनी चालत जायची, आता टेम्पो असतो. पण पेटाऱ्याची पूजा होते ती होतेच.

खेळ रात्री उशिरा सुरू होतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग काळ्या वेषातला संकासुर. हा वेद चोरणारा राक्षस, पण बोलतो मालवणीत, बसलेल्या गाववाल्यांची फिरकी घेतो. लहान मुलं आधी घाबरतात, मग हसतात. त्याचा वध झाला की मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कथानक ठरतं, संवाद नट रंगमंचावर स्वतः रचतो. स्त्रीभूमिका पुरुषच करतात, आणि आपली रंगरंगोटी प्रत्येकजण आपल्याच हाताने. पेटी, मृदंग, झांज. पहाटे दहीहंडी फुटते, म्हणून मालवणीत या सगळ्याचं नावच 'धयकालो'.

आता विचार करा. राजा गेला, सिनेमा आला, टीव्ही आला, मोबाइल आला. मग दशावतार का टिकला? कारण याचा यजमान कधी गेलाच नाही. याचा यजमान गाव आहे, ग्रामदैवत आहे, ज्याला कोकणात गावऱ्हाटी म्हणतात ती मानकऱ्यांची व्यवस्था आहे. कितीतरी जत्रांत अमुक कंपनीचाच काला व्हायचा, असं ठरलेलं असतं. आणि त्या गावामागे उभा होता चाकरमानी. मुंबईच्या गिरणीत राबणारा हा माणूस मनीऑर्डर पाठवायचा आणि जत्रेला रजा काढून यायचा. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी मुंबईत गाजवलं, त्याचा प्रेक्षक तोच. २०२५ मध्ये 'दशावतार' नावाचा मराठी चित्रपट आला, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राचं या कलेकडे लक्ष गेलं. गावाचं लक्ष आधीपासून होतंच.

यातली एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. गावाची दिनदर्शिका गाव ठरवतं. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात ठरलेली नसते. देवीच्या कौलाने ती ठरते, मग लाखो माणसं त्या तारखेला येतात. तारखेसाठी माणसं थांबतात, माणसांसाठी तारीख बदलत नाही.

मग पर्यटकाचं काय?

तीन कलांचे तीन यजमान आपण पाहिले. दरबार गेला, त्याबरोबर गंजिफाचा खेळ गेला आणि वस्तू उरली. देवळाशी बांधलेली व्यवस्था सैल झाली, तिथे चित्र वाचलं आणि आवाज क्षीण झाला. गाव टिकलं, तिथे रात्रभराचा आख्खा खेळ टिकला. यावरून आम्ही काढतो तो निष्कर्ष असा: आश्रयदाता जे विकत घेतो, तेच टिकतं. वस्तू घेतली तर वस्तू टिकते. वेळ दिला तर सादरीकरण टिकतं.

आणि पर्यटकाकडे सगळ्यात कमी काय असतं? वेळ. एका मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही जेवणाआधीचा अर्ध्या तासाचा 'दशावतार' पाहिला आहे. गणपती आला, संकासुर आला, टाळ्या झाल्या, लोक ताटांकडे वळले. नटांना दोष द्यायचं काही कारण नाही, त्यांना तेवढाच वेळ मिळाला होता. पण अशी मागणी वाढत गेली तर उद्या अर्ध्या तासाचाच दशावतार शिकणारी पिढी येईल. संवाद मनाने रचण्याची विद्या अर्ध्या तासात कामाला येत नाही, आणि जे कामाला येत नाही ते कोणी शिकत नाही.

आम्हीही काही आदर्श प्रेक्षक नाही. पहिल्यांदा जत्रेत काला पाहायला गेलो, तेव्हा रात्री दोन वाजता पेंगत मुक्कामी परतलो. सकाळी चहाच्या टपरीवर दोन म्हातारे आख्यानातल्या युद्धाची चर्चा करत होते, अमक्याने काय उत्तर दिलं, तमका कसा अडकला. खेळाचा खरा रंग आम्ही गेल्यावर चढला होता.

म्हणून शेवटी अगदी साधं सांगतो. मुलांना घेऊन जाणार असाल तर सावंतवाडीत गंजिफा रंगवणाऱ्याला विचारा, हा डाव कसा मांडतात? घरी आल्यावर एकदा तरी मांडा. पिंगुळीत चित्र विकत घ्याच, पण आधी त्या चित्राची गोष्ट पूर्ण ऐका, आणि ऐकण्याचेही पैसे द्या. आणि एखादी सहल मे महिन्याऐवजी मार्गशीर्षातल्या जत्रेच्या हिशोबाने आखा. दुपारी मुलांना झोपवा, रात्री देवळासमोर चटई टाका आणि दहीहंडी फुटेपर्यंत बसा. जागत बसलेला प्रत्येक माणूस तेवढ्या रात्रीपुरता त्या कलेचा यजमान असतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.