'सकाळ' खटला आणि वृत्तपत्रांची मालकी

२५ सप्टेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सकाळ पेपर्स (प्रायव्हेट) लिमिटेड विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निर्णय दिला, आणि १९५६ च्या वृत्तपत्र (किंमत व पृष्ठे) अधिनियमाचे मुख्य कलम व त्याखाली काढलेला १९६० चा आदेश ही दोन्ही घटनाबाह्य ठरविली. घटनाशास्त्राच्या अभ्यासकांना हा निर्णय सुपरिचित आहे. भाषणस्वातंत्र्याच्या विवेचनात त्याचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. परंतु या निर्णयाला आणखी एका इतिहासात स्थान आहे. उद्योगपतींनी वृत्तपत्रे हाती घेतली, त्यामुळे राजकारणात अस्वस्थता उत्पन्न झाली आणि ती आवरण्यासाठी कायदा करण्यात आला, असा तो इतिहास होय. मोठ्या भांडवलाला वेसण घालण्यासाठी केलेला हा कायदा कोणा बड्या भांडवलदाराने नव्हे, तर पुण्याच्या एका संपादकाने मोडून काढला. ही गोष्ट केवळ योगायोगाची मानून सोडून देण्यासारखी नाही.

मराठी वृत्तपत्रांच्या परंपरेत मालक आणि संपादक या दोन व्यक्ती फार काळ वेगळ्या नव्हत्या. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, तेव्हापासून पत्र ओळखले जाई ते ते चालविणाऱ्याच्या नावाने. १८८१ मध्ये निघालेला 'केसरी' पुढे १८९१ मध्ये टिळकांनी कर्जासह आपल्याकडे घेतला. म्हणजे त्यांची मालकी ही प्रथम ऋणाची मालकी होती. 'संपादक' या शब्दाची गंमत अशी की, मराठीत संपादन यशाचेही होते, द्रव्याचेही होते आणि लेखांचेही होते. प्रत्यक्षात मात्र गेल्या शतकातील मराठी संपादकाला यातील मधले संपादन क्वचितच साधले. 'मालक' या शब्दाला पत्रव्यवसायात जी एक खोच आली ती नंतरची आहे. ती आली तेव्हा मालक हा गिरणीचा, विम्याचा किंवा बँकेचाही मालक होऊ लागला होता.

हे संक्रमण प्रथम इंग्रजी पत्रांत घडले. 'हिंदुस्थान टाइम्स' हे पत्र १९२४ मध्ये दिल्लीत अकाली चळवळीतील पुढाऱ्यांनी सुरू केले. ते थोड्याच काळात मदनमोहन मालवीयांकडे आणि नंतर घनश्यामदास बिर्ला यांच्या नियंत्रणाखाली आले. १९३७ पासून १९५७ पर्यंत महात्माजींचे पुत्र देवदास गांधी हे त्याचे संपादक होते. या एका नियुक्तीतून त्या काळच्या उद्योगपतीची दृष्टी स्पष्ट दिसते. बिर्ला १९२६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात निवडून गेले होते, पण १९३० मध्ये ते तेथून बाहेर पडले. वृत्तपत्र मात्र त्यांनी सोडले नाही. त्याच्या द्वारे राष्ट्रीय चळवळीच्या ओसरीवर त्यांना कायमची बैठक मिळाली होती. संपादकाला रोज आज्ञा देण्याची अशा मालकाला गरज नसते. कोणाला संपादक नेमायचे एवढे त्याच्या हाती असले म्हणजे पुरे.

रामकृष्ण डालमिया यांचा मार्ग निराळा होता. १८३८ मध्ये मुंबईच्या व्यापारी वर्गासाठी निघालेले 'बॉम्बे टाइम्स' १८६१ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' झाले आणि शतकाहून अधिक काळ ब्रिटिशांच्या हाती राहिले. १९४६ मध्ये डालमियांनी ते चालविणारी बेनेट कोलमन कंपनी विकत घेतली. इंग्रज निघून जाण्यापूर्वीच त्यांचे मुंबईतील मुखपत्र मारवाडी उद्योगपतीकडे आले, आणि पुढे तेथून हिंदी दैनिकही निघू लागले. रामनाथ गोएंका यांनी मद्रासच्या 'इंडियन एक्स्प्रेस'पासून आरंभ करून मुंबई-दिल्लीपर्यंत विस्तार केला. १९४८ मध्ये याच समूहातून मुंबईत 'लोकसत्ता' निघाला. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही तारीख विशेष महत्त्वाची आहे, कारण येथून अखिल भारतीय साखळीचे भांडवल मराठी दैनिकांच्या स्पर्धेत उतरले.

न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या वृत्तपत्र आयोगासमोर हे सारे चित्र होते. आयोगात आचार्य नरेंद्र देव, झाकिर हुसेन, एम. चलपती राव यांच्यासह रावसाहेब पटवर्धन आणि पुण्याचे अ. रा. भट हेही होते. १९५४ च्या अहवालात दिलेले आकडे बोलके आहेत. देशातील दैनिकांपैकी २९ दैनिके आणि एकूण खपाचा ३१.२ टक्के भाग केवळ ५ मालकांकडे होता. १५ मालकांकडे ५४ दैनिके आणि ५०.१ टक्के खप होता. या केंद्रीकरणावर आयोगाने जे उपाय सुचविले, त्यांतील किंमत आणि पृष्ठे यांचे कोष्टक हा एक होय.

या उपायामागील विचार साधा होता. दैनिकाला जाहिराती भरपूर मिळाल्या म्हणजे कागदाचा आणि छपाईचा खर्च वाचकाकडून वसूल करण्याची गरज उरत नाही. मग तेवढ्याच किंमतीत अधिक पाने देता येतात. अधिक पानांमुळे खप वाढतो आणि वाढलेल्या खपामुळे जाहिराती वाढतात. ज्याच्यापाशी आरंभी काही काळ तोटा सोसण्याची ऐपत आहे त्यालाच या चक्रात शिरता येते. म्हणून अमुक किंमतीला अमुकच पाने द्यावीत, अधिक पाने द्यायची तर किंमत वाढवावी, असे बंधन घातले तर लहान पत्राला श्वास घ्यायला जागा मिळेल, अशी अपेक्षा होती. १९५६ मध्ये अधिनियम झाला आणि १९६० मध्ये प्रत्यक्ष आदेश निघाला.

मधल्या काळात आयोगाची भीती कल्पनेतील नव्हती याचा पुरावा लोकसभेतच मिळाला. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोझ गांधी यांनी डालमियांच्या भारत इन्शुअरन्स कंपनीच्या व्यवहारांवर सभागृहात प्रकाश टाकला. विमेदारांचा दोन कोटींहून अधिक पैसा मालकाच्या सट्ट्याकडे वळला होता. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस डालमिया-जैन समूहाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एस. आर. तेंडोलकर यांचा आयोग नेमला गेला, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डालमियांची शिक्षा कायम केली. वृत्तपत्रे तोपर्यंत त्यांचे जावई साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे गेली होती. बिर्ला काय आणि साहू-जैन काय, दोन्ही घराण्यांच्या तागाच्या गिरण्या होत्या. त्यावरून त्यांच्या पत्रांना राजकारणात 'ज्यूट प्रेस' हे कुत्सित नाव पडले. ताग हा शब्द मराठीत रुळलेला असूनही ही शिवी कोणी भाषांतरित केली नाही. ती इंग्रजी पत्रांना इंग्रजीतच दिली गेली, हेही तिच्या रोखाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

पण १९६० च्या आदेशाचा पहिला प्रतिकार झाला तो या गिरणीवाल्यांकडून नव्हे. कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेले ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला होता. लांबलचक अग्रलेखांपेक्षा बातमीला प्राधान्य, आणि तीही गावोगावच्या बातमीदारांनी पाठविलेली, हे त्याचे वैशिष्ट्य. खटल्यातील माहितीनुसार रोजचा खप ५२,००० आणि रविवारचा ५६,००० होता. आठवड्यातील पाच दिवस सहा पाने व एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांत ३४ पाने 'सकाळ' देत असे, आणि अंकाची किंमत ७ नवे पैसे होती. जाहिरातींनी सुमारे ४० टक्के जागा व्यापलेली असे. नव्या कोष्टकानुसार त्याच किंमतीला २४ च पाने देता आली असती. आठवड्याला दहा पाने कमी करावीत किंवा किंमत वाढवावी, एवढेच पर्याय उरले. पाने कमी केली तर मजकूर आटणार. किंमत वाढविली तर एकेक पैशाचा हिशेब करणारा वाचक गळणार. लहानांच्या रक्षणार्थ योजलेले माप मध्यम आकाराच्या, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या पत्राला असे काचू लागले. मालकीच्या केंद्रीकरणाला हात न घालता पानांची मोजदाद करण्यातला हा मूळचाच दोष होता.

न्यायालयाचा निर्णय न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी लिहिला. वृत्तपत्र हा व्यवसायही आहे आणि अभिव्यक्तीही, या दुहेरी स्वरूपावर तो आधारलेला आहे. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदानुसार व्यवसायस्वातंत्र्यावर सर्वसाधारण जनतेच्या हितार्थ वाजवी निर्बंध घालता येतात. भाषणस्वातंत्र्यावर मात्र राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी यांसारख्या नामनिर्देश केलेल्या कारणांसाठीच घालता येतात. मक्तेदारीला प्रतिबंध हे कारण त्या यादीत नाही. खप आणि पृष्ठसंख्या ही दोन्ही विचारप्रसाराची अंगे असल्यामुळे त्यांवरील आघात हा व्यवसायावरील नसून भाषणावरील आघात ठरतो, असा हा युक्तिवाद होय. तर्कदृष्ट्या तो निर्दोष आहे. तथापि त्यात एक प्रश्न अस्पर्शित राहिला : पत्राचे स्वातंत्र्य म्हणजे नेमके कोणाचे? परुळेकर मालकही होते आणि संपादकही, त्यामुळे न्यायालयाला हा प्रश्न सोडविण्याची गरजच पडली नाही. 'सकाळ'च्या दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते, आणि तेथेही वाचकाचे हित मालकाच्या हिताशी जुळतेच होते.

ज्या ठिकाणी ही हिते जुळत नाहीत तेथे हाच निर्णय कसा वापरला जाईल, हे अकरा वर्षांनी दिसले. १९७२-७३ च्या धोरणाने सरकारने वृत्तपत्री कागदाचे वाटप करताना दैनिकांवर दहा पृष्ठांची मर्यादा घातली. त्याविरुद्ध बेनेट कोलमन कंपनी, 'हिंदुस्थान टाइम्स', 'इंडियन एक्स्प्रेस' ही बडी मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ३० ऑक्टोबर १९७२ च्या निर्णयात बहुमताने त्यांना विजय मिळाला. आधार होता 'सकाळ'च्या निर्णयाचा. बेनेट कोलमनच्या बाजूने एक भागधारक, एक वाचक आणि तीन संपादक अर्जदार म्हणून उभे होते. वस्तुतः त्या कंपनीचे संचालक मंडळ १९६९ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने बदलण्यात आले होते, आणि मूळ मालकांचा ताबा त्यांना १९७६ मध्ये परत मिळाला. मालक बाहेर असतानाही मालकाचे स्वातंत्र्य सिद्ध झाले, ही या प्रकरणातील विलक्षण गोष्ट होय. बहुमताशी सहमत न झालेले एकमेव न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी मात्र दुसरी बाजू मांडली. भाषणस्वातंत्र्यात बोलणाऱ्याप्रमाणेच ऐकणाऱ्याचाही अधिकार येतो, आणि थोड्या हातांत साधने एकवटली तर त्या अधिकाराला बाध येतो, असा त्यांच्या मताचा रोख होता.

येथे राजकारणाकडे क्षणभर वळणे उपयुक्त ठरेल. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत अनेक उद्योगपती उभे राहिले. नवल टाटा दक्षिण मुंबईतून अपक्ष म्हणून आणि कृष्णकुमार बिर्ला राजस्थानातून पराभूत झाले; रामनाथ गोएंका विदिशातून जनसंघाच्या वतीने निवडून आले. थैलीने मते मिळत नाहीत असे या निकालांवरून म्हणता येईल. परंतु उद्योगपतीचे राजकीय वजन मतपेटीत मोजणे हीच मुळी चूक आहे. पराभूत उमेदवार पाच वर्षे गप्प राहतो, तर पत्राचा मालक रोज सकाळी वाचकाच्या दारात असतो.

'सकाळ'च्या निर्णयानंतर नऊ महिन्यांच्या आत, १८ जून १९६२ रोजी, बेनेट कोलमन कंपनीने मुंबईत 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू केला. त्याने, विशेषतः गोविंद तळवलकरांच्या काळात, मराठी वाचकाला पुष्कळ दिले हे मान्य केलेच पाहिजे. साखळीतील पत्र वाईटच असते असा नियम नाही, आणि एकट्या मालकाचे पत्र चांगलेच असते असाही नाही. प्रश्न गुणवत्तेचा नसून संपादकाच्या मागे उभे असलेले भांडवल उद्या काय मागेल, हा आहे.

१९७८ मध्ये दुसरा वृत्तपत्र आयोग नेमला गेला. १९८० मध्ये त्याची पुनर्रचना झाली तेव्हा अध्यक्ष झाले तेच मॅथ्यू. १९८२ च्या अहवालात आयोगाने वृत्तपत्रे अन्य उद्योगधंद्यांपासून विलग करावीत अशी शिफारस केली, आणि किंमत व पृष्ठे यांचे कोष्टकही पुन्हा सुचविले. चार सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक गिरिलाल जैन हे त्यांतील एक. विलगीकरणाची शिफारस अमलात आली नाही. परुळेकर जानेवारी १९७३ मध्ये, बेनेट कोलमनच्या निर्णयानंतर अडीच महिन्यांच्या आत, निवर्तले होते. १९८५ मध्ये 'सकाळ'ची सूत्रे पवार कुटुंबाकडे गेली.