फुलांचे पंचांग मांडणारा उद्यानतज्ज्ञ

घर बांधणाऱ्यास आपले घर पूर्ण झालेले पाहावयास मिळते. वृक्ष लावणाऱ्याच्या वाट्यास हे भाग्य क्वचितच येते. म्हणूनच वृक्षांनी नगर सजविण्याची कला जागेइतकीच काळाच्या हिशेबाने साधावी लागते. बंगळूर शहराचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

तेथील लालबागेचा आरंभ हैदरअलीने इ. स. १७६० मध्ये केला. टिपूने देशोदेशींची रोपे व बियाणे आणवून तीत भर घातली. पुढे जॉन कॅमेरॉन हे अधीक्षक असताना १८८९ मध्ये प्रसिद्ध काचघराची पायाभरणी झाली. मात्र बागेतील पुष्पवृक्षांना शहराच्या रस्त्यांवर आणण्याच्या कार्याशी प्रामुख्याने नाव जोडले जाते ते गुस्ताव्ह हर्मन क्रुंबिगेल यांचे.

१८६५ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेननजीक जन्मलेल्या क्रुंबिगेल यांनी लंडनच्या क्यू उद्यानात अनुभव घेतला. १८९३ मध्ये ते बडोदे संस्थानच्या सेवेत आले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पदरी त्यांच्या भारतातील कारकिर्दीचा प्रारंभ व्हावा, ही गोष्ट मराठी वाचकांस जिव्हाळ्याची वाटेल. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात लालबागेच्या कारभारावर रुजू झाले व १९३२ मध्ये निवृत्त झाले. कृष्णराजसागर धरणाखालील वृंदावन उद्यानाच्या रचनेतही त्यांचा वाटा होता.

त्यांची कल्पना वरकरणी साधी होती. प्रत्येक जातीच्या वृक्षाचा बहराचा काळ ठरलेला असतो. निळसर जॅकरांडा वसंताच्या आरंभी फुलतो. चैत्र-वैशाखात गुलमोहर, सोनमोहर व बहावा रंगतात. पावसाळा सरल्यावर बुचाची शुभ्र सुगंधी फुले गळू लागतात. निरनिराळ्या रस्त्यांवर निरनिराळ्या जाती लावल्या, तर एका रस्त्याचा बहर ओसरताच दुसऱ्याचा सुरू होतो आणि शहर बारा महिने फुललेले राहते. एकेका रस्त्यावर एकच जात असल्याने शोभेस एकसूत्रीपणाही येतो. वृक्षांची निवड करताना उंची व सावलीबरोबर महिनाही मोजावा, हा त्यातील मर्म सांगणारा धडा.

या योजनेत उणिवा नव्हत्या असे नाही. गुलमोहर मादागास्करचा, तर जॅकरांडा दक्षिण अमेरिकेचा. आपल्या वड, पिंपळ, उंबरांवर जितके पक्षी पोसले जातात, तितके या पाहुण्यांवर पोसले जात नाहीत. शोभेबरोबर जीवमात्राच्या आश्रयाचाही विचार व्हावा, हे आज अधिक जाणवते.

शिवाय बंगळूरचा आजचा बहर एकाच माणसाची पुण्याई नव्हे. क्रुंबिगेल यांच्यानंतर जवराया व मरिगौडा यांनी लालबागेची परंपरा सांभाळली. १९८० च्या दशकात वनाधिकारी सेतुराम नेगिनहाळ यांनी शहरात लक्षावधी रोपे लावून घेतली. दुसरीकडे, रस्ते रुंद करताना अनेक जुने वृक्ष कुऱ्हाडीखाली गेले. अशा साखळीतील एका रस्त्याची झाडे तुटली, तर वर्षातील काही आठवडेच त्या शहराच्या पंचांगातून पुसले जातात. आणि ते परत मिळविण्यास पुन्हा अनेक वर्षे वाट पाहावी लागते.

क्रुंबिगेल यांनी १९५६ मध्ये बंगळुरातच देह ठेवला. लालबागेनजीकच्या एका रस्त्यास त्यांचे नाव आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक दरवर्षी ठरल्या महिन्यात उमलते. आपल्या अंगणात वा संस्थेच्या प्रांगणात एखादे रोप लावताना, त्याच्या छायेत पुढे कोण विसावणार आहे, एवढा प्रश्न प्रत्येकाने मनास विचारावा.