दुसरी ओळ

रात्री ११. उरले नऊ तास.
सकाळी आठला दिवाळीची सवलत सुरू होणार, आणि पुस्तकांच्या त्या दुकानाच्या साइटवरचा शोध-सर्व्हर त्याच्या आदल्याच रात्री बदलायचा, असं ठरलं होतं. (कुणी ठरवलं, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.) अपाचे सोलर ६.६ वरून थेट ९. जुना बंद केला, सगळ्याची प्रत काढून ठेवली, नवा सुरू केला. तो म्हणाला, तुमची जावा फार जुनी आहे. खरंच होती, मशीनवर जावा ८, त्याला किमान ११ हवी. हे पटकन उरकलं.

रात्री १२.१५. पावणेआठ तास.
जुना इंडेक्स उघडेना. सोलरच्या पोटात ल्युसीन आहे, आणि ल्युसीन फक्त मागच्या एका मोठ्या आवृत्तीपर्यंतचा इंडेक्स वाचतं. मनात आलं, आधी सातवर नेऊ, मग आठवर, मग नऊवर. तेही चालत नाही. इंडेक्स कुठल्या आवृत्तीत जन्मला ही नोंद त्याच्याबरोबरच राहते. सहाचा तो सहाचाच, जन्मदाखला बदलून मिळत नाही. म्हणजे डेटाबेसमधून एकूण एक पुस्तक पुन्हा भरायचं. भरायचं कशानं? डेटा इम्पोर्ट हँडलर वर्षानुवर्षं ते काम करायचा, पण ९ मधून तो काढून टाकलेला. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायला बसले.

रात्री २.४०. पाच तास वीस मिनिटं.
स्क्रिप्ट तयार, पण कोअर, म्हणजे इंडेक्स आणि त्याच्या सेटिंग्जचा संच, उठेना. पडद्यावर लाल पट्टी. आमचा स्कीमा, म्हणजे कुठला रकाना कसा शोधायचा ते सांगणारी फाइल, सोलर ४ च्या काळातला, कॉपी होत होत इथवर आलेला. पहिली तक्रार: ‘स्टँडर्ड फिल्टर’ सापडत नाही. शोधलं तर कळलं, तो फिल्टर कित्येक आवृत्त्या काहीच करत नव्हता, म्हणून आठमध्ये काढला. ओळ खोडली. दुसरी तक्रार: ‘डिफॉल्ट ऑपरेटर’ स्कीमात लिहिणं आता चालत नाही. तीही खोडली.
लाल पट्टी गेली. दोन्ही ओळी एकाच हातानं, एकाच दमात गेल्या. पहिली खरोखरच मेलेली होती.

पहाटे ३.१०.
पुस्तकं भरायला लागली. फोल्डरमध्ये पाहिलं तर स्कीमा.एक्सएमएलच्या नावापुढे ‘.बॅक’ लागलेलं. हे कुणी केलं? वैतागून पूर्वीचं नाव परत दिलं.

पहाटे ४.३०. साडेतीन तास.
मशीनवरून विचारलं की उत्तर येतं, साइटला मात्र येत नाही. सोलर ९ आपण होऊन फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, घरातल्या घरात. सेटिंग बदललं.

पहाटे ५.३०.
चाचणी घेतली. कोसला, मृत्युंजय, ययाति. सगळं अचूक. एका शब्दाची नावं टाकायची ही टेस्टिंगमधली माझी जुनी खोड. तासभर डोळा लागला.

सकाळी ७.२५. पस्तीस मिनिटं.
दुकानाच्या काकांचा फोन. “अगं, ‘मराठी शब्दकोश’ टाकलं तर पाककृतींची पुस्तकं येतायत!”
त्या दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, शब्दांमध्ये ‘आणि’ धरा. ओळ गेल्यावर सोलर ‘किंवा’ धरतो. म्हणजे ‘मराठी’ किंवा ‘शब्दकोश’. आमच्याकडे भाषाही शोधात येते, त्यामुळे दुकानातली झाडून सगळी मराठी पुस्तकं आली; आणि साइटवरची यादी ‘नवं आधी’ अशी, त्यामुळे शब्दकोश तळाला.

सकाळी ७.४५. पंधरा मिनिटं.
जुन्या प्रतीतली ओळ स्कीमा.एक्सएमएलमध्ये परत घातली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. एक तक्रार नाही. हायसं वाटलं. रात्री याच ओळीवरून तो अडून बसला होता, आता गप्प कसा, हे डोक्यात यायला हवं होतं.
“तेच येतंय गं,” काका म्हणाले.

सकाळी ७.५३. सात मिनिटं.
शेवटी लॉग वाचला. इशारा पहाटेपासून ठळक मोठ्या अक्षरांत येत होता: स्कीमा आता ‘मॅनेज्ड’ झालाय, जुनी फाइल कृपया काढून टाका. माझी फाइल तो वाचतच नव्हता. ‘.बॅक’ही त्यानंच केलं होतं. आणि ‘आणि’ची खरी जागा दुसरीकडेच होती: सोलरकॉन्फिगमध्ये, सर्च हँडलरच्या डिफॉल्टांत, ‘क्यू.ओपी’. एक ओळ लिहिली आणि रीस्टार्ट मारला. नुसतं रीलोड केलं असतं, तर फाइलीत चूक असली तरी आधीचा कोअर चालत राहिला असता.

सकाळी ८.
सवलत सुरू. कोअर लाल. एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं होतं. साइटवर शोधाची पेटी, आणि तिच्याखाली कोरी पांढरी जागा.

सकाळी ८.०९.
शोध परत आला, ‘आणि’सकट. काकांना कळवायला फोन लावला तर एंगेज. तिथे त्यांनी दुकानातल्या दोन जुन्या माणसांना वही-पेन देऊन फोनपाशी बसवलं होतं. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे दोघांनाही तोंडपाठ.