लेकरू बोलू लागते तेव्हा

दिवाळीला घरात पाहुणे जमले की सर्वांत जास्त मान असतो तो नुकत्याच बोलू लागलेल्या पोराला. जो तो त्याला कडेवर घेऊन 'काका म्हण', 'आत्या म्हण' असा आग्रह धरतो, आणि पोराने काही उच्चारले की ते आपणच शिकवले या समाधानात दुसरा लाडू उचलतो. पण मुलाला बोलायला खरोखर कोण शिकवते? या प्रश्नाने राजेबादशहांनाही स्वस्थ बसू दिलेले नाही.

हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार मिसरच्या सॅमेटिकस राजाची गोष्ट सांगतो. जगातली मूळ भाषा कोणती हे ठरवण्यासाठी राजाने दोन तान्ही मुले एका मेंढपाळाच्या हवाली केली आणि त्यांच्यासमोर अवाक्षरही काढू नये असा हुकूम सोडला. दोन वर्षांनी मुले म्हणाली, 'बेकोस'. फ्रिजियन लोक भाकरीला बेकोस म्हणत; तेव्हा त्यांचीच भाषा सर्वांत जुनी, असा निकाल लागला! (मुलांना दूध देणाऱ्या शेळ्या दिवसभर काय ओरडत होत्या, हे दरबारात कोणी विचारले नसावे.)

आपल्याकडे अकबरानेही हाच खेळ केला. न बोलणाऱ्या दायांच्या हाती तान्ही मुले देऊन त्याने ती एका वेगळ्या वास्तूत वाढवली. लोक तिला गुंगमहाल म्हणत. 1582 साली बादशहा तेथे गेला तेव्हा मुलांच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही, असे अबुल फजल लिहितो. बदायुनी तर त्यांतली कित्येक दगावल्याचे सांगतो. बादशहाचे कुतूहल त्या लेकरांना फार महागात पडले.

म्हणजे कानावर बोलणे पडल्यावाचून भाषा येत नाही. पण कानावर पडले तेवढेच मूल परत करते, असेही नाही. सवय आणि शाबासकी यांतूनच भाषा घडते, असे अमेरिकेतल्या स्किनर यांनी 1957 मध्ये मांडले; 1959 मध्ये चॉम्स्की यांनी त्यावर कडाडून टीका केली. तो वाद पंडितांचा. आपल्या ओसरीवरचे पोर 'मी घर करलं' म्हणते, तेवढे ऐकावे. आमच्या भागात मोठे माणूस कोणी असे म्हणत नाही. 'धरलं', 'भरलं' ऐकून पोराने नियम स्वतःच शोधला आणि 'कर'ला लावून टाकला. हसण्यासारखे त्यात काय आहे? व्याकरणच आहे ते.

उलट 'मंमं', 'भुर्र', 'गाई' हे शब्द मोठ्यांनीच त्याच्यासाठी राखलेले असतात. 1964 साली अशोक केळकर यांनी मराठीतल्या या लाडिक बोलीवर इंग्रजीत लेख लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फर्ग्युसन यांनी सहा भाषांतली अशी बोली शेजारी ठेवून पाहिली; त्यांत मराठी होती. सोपे उच्चार आणि एकच अक्षर दोनदा, ही खूण दूरदूरच्या भाषांत सारखीच.

आमच्या दौंडला 1878 मध्ये मनमाडचा फाटा निघाला आणि गाव जंक्शन झाले. रेल्वेबरोबर नाना भाषांची बिऱ्हाडे आली. शिरूर तालुक्यात आता रांजणगावच्या कारखान्यांमुळे उत्तरेकडची कुटुंबे राहतात. आई बाजारात खुणांनी भाजी मागते आणि चार वर्षांची पोरगी गल्लीत शिकलेल्या मराठीत भाव पाडून देते. तिला धडे कोणी दिले नव्हते.

हीच मुले पुढे आमच्या वर्गात येतात. ती 'पानी', 'व्हतं', 'हाय' म्हणतात. पहिल्याच दिवशी 'असं नाही, नीट बोल' असे कानी पडले की पोर गप्प होते, ते मधली सुट्टी होईपर्यंत. वास्तविक 'पानी' म्हणणारे पोर 'लोनी', 'कनीस' असेही म्हणते, म्हणजे नियम अगदी काटेकोर पाळते. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरची भाषा वापरावी असे म्हटले आहे. एका बाकावर तीन घरे बसलेली असतात, आणि मराठी घरातल्या मुलाचीही घरची भाषा पुस्तकातली नसते. मी तरी पहिले दोन महिने कोणाचा 'न' दुरुस्त करीत नाही. गोष्ट सांगायला लावतो. ती ज्याच्या त्याच्या बोलीत फळ्यावर लिहितो आणि पुस्तकातला शब्द तिच्या शेजारी मांडतो. साहेब तपासणीला येतात तेव्हा फळ्याकडे पाहून कपाळाला आठी घालतात. पोरे मात्र दोन्ही ओळी मोठ्याने वाचून दाखवतात.