कचरावेचक मालक झाल्या, जात गेली का?

सहकार म्हटला की साखर कारखाना आठवतो. पण त्याचा सभासद ऊस पिकवणारा शेतकरी, ऊस तोडणारा मजूर नव्हे. आम्हाला दुसरा इतिहास महत्त्वाचा वाटतो.

१९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सभासद बहुतांश दलित स्त्रिया. आम्ही कामगार आहोत, हा त्यांचा दावा. महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र त्यांनी मिळवले. पुढे याच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. मध्ये ठेकेदार नाही. घरोघरचे शुल्क थेट वेचकांच्या हाती, संचालक मंडळातही त्यांचेच बहुमत.

सामाजिक-आर्थिक विषमता राहिली तर राजकीय लोकशाही धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी १९४९ मध्ये संविधान सभेत दिला. ‘स्वच्छ’ हे त्यावरचे एक उत्तर आहे, पण अर्धे. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडले होते. मालकी आली, तरी कचऱ्यातले हात आजही आपल्याच आयाबहिणींचे आहेत.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे: कामावर मालकी हवी आणि ते काम पुढच्या पिढीने नाकारण्याचे स्वातंत्र्यही हवे.

जय भीम!