डोलणारा पूल आणि मॉडेलमधला हातानं टाकलेला आकडा

१० जून २००० ला लंडनचा मिलेनियम ब्रिज उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. गर्दी झाली की पूल आडवा डोलायचा, लोक कठडा धरून चालत होते. व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, बघाच.

असा पूल कॉम्प्युटरवर मांडायला तीन गोष्टी लागतात: वस्तुमान, ताठपणा आणि डॅम्पिंग, म्हणजे हलणं शमवण्याची ताकद. पहिल्या दोन ड्रॉइंगवरून काढता येतात. डॅम्पिंग नाही येत! ते सांध्यांच्या घर्षणात, मटेरियलच्या आत, हवेत विखुरलेलं असतं. त्यामुळे हजारो समीकरणांच्या मॉडेलमध्येही तो आकडा बहुतेकदा अनुभवावरून हातानंच टाकतात. मी कोड लिहिणारा माणूस, मला हे अजूनही जरा खटकतं. स्टीलच्या पुलाला तो साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी धरतात. १ टक्का म्हणजे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा जेमतेम ६ टक्क्यांनी लहान.

आता गंमत बघा. चालताना आपण दर पावलाला थोडा जोर बाजूला देतो. पूल हलायला लागला की तोल सांभाळताना हाच जोर पुलाच्या हालचालीला साथ देतो. अरुप कंपनीनं खरीखुरी माणसं चालवून मोजलं, तर हा जोर पुलाच्या आडव्या वेगाच्या प्रमाणात निघाला. डॅम्परचं बलही वेगाच्याच प्रमाणात असतं, फक्त उलट दिशेनं. म्हणजे समीकरणात प्रत्येक माणूस हे उणे डॅम्पिंग! म्हणून माणसं वाढवत नेली तरी बराच वेळ विशेष काही होत नाही. बेरीज शून्याखाली गेली, की पुढची मोजकी माणसंसुद्धा पूल जोरात डोलवतात.

पूल ताठ केला असता तर त्याचं सडपातळ रूप गेलं असतं. म्हणून ३७ द्रवाचे डॅम्पर आणि ५० हून जास्त स्प्रिंगवरची वजनं बसवली. फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा उघडला.

हा आकडा तुम्हीही मोजू शकता. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप फोनच्या अ‍ॅक्सेलरोमीटरचा आलेख दाखवतं. हलणाऱ्या लोखंडी कॉटवर फोन घट्ट चिकटवा, कॉटला एक धक्का द्या आणि हात काढा. लागोपाठच्या दोन शिखरांचा भागाकार करा, त्याचा नैसर्गिक लॉग घ्या, ६.२८ ने भागा. आलं डॅम्पिंग. कॉटवर कोणीतरी बसल्यावर परत मोजा, आकडा बदललेला दिसेल.